फर्गसचं गाणं मी ऐकत नाही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते साठतात. आमच्या सिंकखालच्या कपाटात कोम्बिनीच्या पिशव्या साठल्या आहेत ना, तसे. कोम्बिनी म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं असणारं दुकान. तिथून दूध आणा, ब्रेड आणा, पिशवी घरी येणारच. आपण ती कोंबून ठेवतो आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. फर्गसच्या किश्श्यांचं आमच्या ग्रुपमध्ये तेच झालंय.

जपानातल्या कोबेची आम्ही मराठी मंडळी एकत्र जमलो की पहिलं वाक्य हवेवर, दुसरं पुण्यातल्या फ्लॅटच्या भावावर, आणि तिसरं, "अभय, फर्गसचा तो कचऱ्याचा किस्सा सांग ना!" आणि सांगायचा कोणी? मी! ज्याचा त्या माणसावर सगळ्यात जास्त जळफळाट होतो, त्यानंच!

हो, जळतो. उगाच लपवायचं कशाला?

फर्गस आयर्लंडचा. पॉप गाणी स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतःच गातो. आज ओसाका स्टेशनात त्याची माणसाहून मोठी पोस्टर्स लागतात. पण तो आला तेव्हा आमच्या ओसाकाच्या ऑफिसात इंग्रजी शिकवायला आला होता. आणि तो येण्याआधी आमच्या ग्रुपमध्ये गाणारा एकच होता. मी! पुण्यात वर्षानुवर्षं गाण्याच्या क्लासला गेलोय, परीक्षा दिल्यात, जपानला येताना कपड्यांच्या आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बॅगेत भरलाय. कुठल्याही घरी जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "अभय, होऊन जाऊ दे एक."

आता म्हणतात, "अभय, फर्गसचा किस्सा होऊन जाऊ दे."

म्हणून मी एक नियम करून टाकलाय आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. फर्गसशी मैत्री मान्य, फर्गसचं गाणं नाही. त्याचा अल्बम मी ऐकत नाही. आजवर ऐकलेला नाही. विचारा कुणालाही!

*

तो आला २०११च्या त्या मोठ्या भूकंपानंतर. तेव्हाचे दिवस आठवतात ना? पुण्याहून आईचा रोज फोन. "अरे, टीव्हीवर काय काय दाखवतायत, परत ये बाबा." ऑफिसातले इंग्रजीचे दोन्ही शिक्षक आपापल्या देशात निघून गेलेले. टोकियोची माणसं टेबलं-खुर्च्यांसकट आमच्या ओसाकाच्या ऑफिसात येऊन बसलेली. आणि जवळजवळ रिकाम्या विमानातून गिटार घेऊन हा उतरला!

आमचे साहेब तानाका-सान. एरवी लग्नातसुद्धा न हसणारा माणूस. त्यांनी फर्गसच्या स्वागताचं भाषण केलं आणि करता करता त्यांचे डोळे भरून आले. "सगळे जात असताना हे आले," ते म्हणाले. अख्खं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. पण मनात म्हटलं, अहो, आम्ही तर गेलोच नव्हतो! माझी बायको मृणाल नाही गेली, लेकीला घेऊन इथेच राहिली. पण न गेलेल्याचं स्वागत कोण करतो?

संध्याकाळी मी फर्गसला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

तो म्हणाला, "त्या आठवड्यात तिकीट फार स्वस्त होतं."

पुढे एका दुपारी त्याचा क्लास चालू असताना हादरा बसला. फर्गस इंग्रजी शिकवायचा ते गाण्यांतून. गिटार वाजवत होता, आम्ही मागून ओरडत होतो, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. भूकंपाचा अलर्ट! जपानी माणूस अशा वेळी विचार करत नाही, थेट टेबलाखाली जातो. मीही गेलो. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी गेलो.

फर्गस गातच होता! बिल्डिंग हलतेय, दिवे झुलतायत आणि हा कडवं पूर्ण करतोय. थांबल्यावर तानाका-सान टेबलाखालून बाहेर आले आणि त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. "काय हा धीर!"

फर्गस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सगळे एकदम खाली का गेलात? इतकं वाईट होतं का गाणं?"

त्या व्हिडिओतला त्याचा फोटो ऑफिसच्या मासिकाच्या पहिल्या पानावर आला. फोटोत मीही आहे. टेबलाखालून माझे बूट दिसतात.

*

आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा झाला तर तो मोठा निवडावा. मी फर्गसला गणपतीला बोलावलं.

आमचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये असतो. तिथे उदबत्ती लावायची नाही, फायर अलार्म वाजतो. पाच वाजता हॉल झाडून, पुसून, किल्ली परत द्यायची. या सगळ्यावर देवधरकाकूंचं लक्ष. काकू कोबेत इतकी वर्षं राहिल्यात की भाजीवाल्याशी भांडतातसुद्धा जपानीत. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

आरती झाली, मी गायला बसलो. यमन घेतला होता. माझ्या मते तो दिवस आवाजाचा होता. डोळे मिटून मस्त आलापी चालली होती. डोळे उघडले तेव्हा समोर निम्मी माणसं नव्हती. ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मोदकांच्या पातेल्याशी उभी होती! उरलेल्यांत फर्गस होता, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसलेला, आणि काकू होत्या, घड्याळाकडे बघत.

"छान हो अभय," काकू म्हणाल्या. "तुझा पाहुणा म्हणेल का काही? लहानसं?"

फर्गसनं त्याच्या आजीच्या गावचं होडीवाल्यांचं एक गाणं घेतलं. पोरांच्या हातात आरतीच्या झांजा होत्याच. दुसऱ्या ओळीला झांजा सुरू, तिसऱ्या ओळीला मोदकांजवळची माणसं परत, चौथ्या ओळीला काकू स्वतः टाळ्या वाजवतायत! त्या काकू, ज्यांनी माझ्या गाण्याला उभ्या आयुष्यात मान डोलावली नव्हती.

पहिला गरम मोदक फर्गसला मिळाला. वर तुपाची धार!

"काकू, मी?" मी विचारलं.

"तू काय, घरचाच आहेस," काकू म्हणाल्या.

गाडीत मी मृणालला म्हटलं, "लोकांना शास्त्रीय कळत नाही." ती म्हणाली, "कळलं रे. पण तू समेवर यायला तयार नव्हतास आणि मोदक गार होत होते."

*

आता कचऱ्याचा. जपानात घर मिळवणं सोपं, कचरा टाकणं अवघड. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, त्यांची झाकणं वेगळी. प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या वारी टाकलात तर पिशवी तिथेच राहते, वर एक लाल स्टिकर, आणि येता-जाता अख्खी गल्ली ती बघते.

फर्गसच्या दारात लाल स्टिकरची पिशवी ही कायमची वस्तू होती. त्याच्या गल्लीत कचऱ्यावर देखरेख करणाऱ्या एक आजी होत्या. एक दिवस त्या स्वतःच पिशवी घेऊन आल्या. आतून गिटारच्या तुटलेल्या तारा काढून त्याच्यापुढे धरल्या आणि डोळ्यांनी विचारलं, हे काय?

त्यानं आपलं आजींनाच विचारलं, "मग या कुठल्या वारी टाकायच्या?"

आजींना सांगता येईना! त्यांनी शेजारणीला बोलावलं, शेजारणीनं आणखी दोघींना. तारा धातूच्या, पण काहींवर नायलॉन. सगळ्या मिळून वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथेही दोन साहेबांमध्ये मतभेद झाले. शेवटी फर्गसनं यातून सुटायला एक गाणं केलं. कुठल्या वारी कुठला कचरा, एवढंच. मोडक्यातोडक्या जपानीत, साधी चाल. आजींना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वॉर्डाच्या जत्रेत त्याला म्हणायला लावलं.

आणि पुढच्या वर्षी त्या वॉर्डाच्या कचऱ्याच्या गाड्या ती चाल वाजवत फिरू लागल्या! आपल्याकडे कसं, माणूस नाव काढतो. यानं गाडी काढली!

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसलो. म्हटलं, शेवटी लागली गाणी कचऱ्याला! मृणालला फोन करून सांगितलं. आठवडाभर खुशीत होतो. मग आमच्या वॉर्डानंही ती चाल घेतली आणि ती गाडी आमच्या गल्लीत सुरू झाली. नेमकी शनिवारी सकाळी, माझ्या रियाजाच्या वेळेला! मी वरच्या सा वर, खाली फर्गस. आमची ईरा तेव्हा लहान होती, ती खिडकीकडे धावायची आणि गाडीबरोबर गायची. मी गात होतो तेव्हा तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

मी जपानात आल्यापासून एकदाही चुकीच्या वारी कचरा टाकलेला नाही. माझ्यावर कुणी स्टिकर लावला नाही. आणि माझी चाल कुणी गाडीला लावली नाही!

माझा रियाजसुद्धा घरातून गेला. भिंती पातळ. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक अतिशय नम्र सूचना लागली. नाव कुणाचंच नव्हतं, पण बिल्डिंगमध्ये दुसरं कोण गात होतं? तेव्हापासून मी शनिवारी स्टेशनजवळच्या कराओकेच्या दुकानात एक छोटी खोली घेतो. इथे खूप जण असं करतात. दार बंद केलं की कुणाला त्रास नाही. घरी सांगून जातो, "यमन घोटून येतो."

*

ओसाकात फर्गस लाइव्ह हाऊसमध्ये गाऊ लागला. लाइव्ह हाऊस म्हणजे तळघरातला एक छोटा हॉल, उभं राहून ऐकायचं. मी आणि गोगटे गेलो. गोगटे कोबेत पोस्टडॉक आहे, फुलपाखरांच्या पंखांवर संशोधन करतो, आणि त्याला फुलपाखरांखेरीज कशातलं काही लक्षात येत नाही. हे मी प्रेमानं सांगतोय.

जपानी श्रोता गाणं चालू असताना हलत नाही. खोकला आला तर गिळतो. शेवटची तार वाजायची थांबते, मग क्षणभर गप्प, आणि मग टाळ्या. तसं सगळं चाललं होतं. एका जागी फर्गसनं स्वर असा काही वळवला, वरून हळूच खाली आणला, की माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "वा! क्या बात है!"

मी ठरवलं नव्हतं! सवय आहे. पुण्यात वीस माणसांच्या बैठकीत बसून बसून लागलेली. चांगली जागा आली की तोंड आपोआप उघडतं, आपल्याला विचारत नाही.

अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मला भूकंप आला तर बरं असं वाटलं. गोगटे म्हणाला, "काय झालं? काही चावलं का?"

फर्गस मात्र स्टेजवरून हसला आणि गाणं संपल्यावर जपानीत म्हणाला, "हे माझे मित्र अभय-सान. भारतात गाणं आवडलं की असं करतात."

झालं! पुढच्या वेळी गेलो. तेच गाणं, तीच जागा. आणि सूट-टाय घातलेले, कामावरून सरळ आलेले ते सगळे लोक, एकदम, एका सुरात, "वा! क्या बात है!" आणि नंतर हलकीशी मान झुकवली! दोन मुली जवळ आल्या आणि माझ्याबरोबर फोटो काढायचा म्हणाल्या. म्हटलं चला, कुणाला तरी कळलं मी गाणारा आहे.

"तुम्हीच ना फर्गस-सानचे पहिले फॅन?" त्या म्हणाल्या.

*

आता त्याचं ते हिट गाणं. ते माझ्या छत्रीवर आहे.

माझी चांगली, लाकडी मुठीची, काळी छत्री. आईनं निघताना दिलेली. फर्गसनं ती मागून नेली आणि ट्रेनमध्ये विसरला. जपानात विसरलेली वस्तू परत मिळते. तो रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात गेला, तिथे शेकडो छत्र्या, आणि त्यांतून माझी निघाली. घरी येऊन त्यानं गाणं लिहिलं. या देशात हरवलेली छत्री परत मिळते, मग जिला मी हरवलं ती कुठल्या खिडकीवर मिळेल, असं काहीतरी म्हणे आहे त्यात. मी ऐकलेलं नाही.

आता विचार करा. छत्री माझी. त्या छत्रीसाठी महिनाभर दर आठवड्याला त्याला टोचणारा मी. माझ्या डोक्यात काय आलं? "कधी देतोयस छत्री?" आणि याच्या डोक्यात गाणं!

रेकॉर्डिंग झालं ते वसंत ऋतूत. त्या दिवसांत इथे देवदाराच्या परागांचा हैदोस असतो. अर्धं जपान मास्क लावून शिंकत फिरतं. फर्गसला तो त्रास नवा. रेकॉर्डिंगभर त्याचं नाक वाहत होतं. शब्दाशब्दाला सूं-सूं! साउंडवाल्या माणसानं बसून एकेक सूं-सूं कापून काढली.

फर्गस आमच्या घरी पिठलं-भात खात हे सांगत होता. तिखटानं पुन्हा नाक वाहत होतं. "पण एक राहिली," तो म्हणाला. "अगदी बारीक. एकाच जागी. मीच म्हटलं, राहू दे."

"कुठे?" ईरानं जपानीत विचारलं.

"नाही सांगणार. आजवर कुणालाच सापडलेली नाही. माझ्या आईलाही नाही. हेडफोन लावून, जीव लावून ऐकणाऱ्यालाच सापडेल."

ईरानं महिनाभर हेडफोन लावून शोधलं. गोगटेनं शोधलं. मृणालनंसुद्धा. कुणाला सापडेना. मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मी कसं सांगणार? मी ऐकत नाही."

गाणं एका जाहिरातीत गेलं आणि मग सुटका उरली नाही. कोम्बिनीत शिरलो की छत्री. दंतवैद्याच्या खुर्चीत आ केला की छत्री. पुण्याहून आईचा फोन, "अरे, तुमच्याकडच्या कुणा गोऱ्यानं छत्रीवर गाणं केलंय म्हणे? आपल्या छत्रीसारखीच छत्री आहे बघ व्हिडिओत!"

*

एकदाच मला खरा आनंद झाला. फर्गस प्रसिद्ध झाल्यावर गावी गेला. आयर्लंडच्या समुद्रकाठचं लहानसं गाव. तिथे याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं! तिथे तो "मेरीचा मुलगा, तो जपानला काहीतरी शिकवतो." दुकानात त्यानं सांगून पाहिलं, मी गातो. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे कोण गात नाही?"

हे ऐकून मला त्या दिवशी वरण-भातसुद्धा पक्वान्नासारखा लागला.

पण नशीब बघा! दोन दिवसांनी त्याच्या आईच्या दारात टूरिस्ट बस उभी राहिली. आतून चाळीसएक जपानी बायका उतरल्या, घरासमोर रांगेत उभ्या राहिल्या आणि एकदम वाकल्या. शेजाऱ्यांना वाटलं, घरात कुणी गेलं! शेजारीण पातेलंभर सूप घेऊन धावत आली. मेरीआजींनी सगळ्यांना चहा केला. कप पुरेनात म्हणून अख्ख्या गल्लीतून आणले.

मग त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल केला. फर्गसनं एकेकाची ओळख करून दिली. माझा नंबर आला तसा त्या चष्मा सारखा करून म्हणाल्या, "म्हणजे खरा गाणारा तो तूच! फर्गस सांगतो, मी नुसती गाणी करतो, गळा अभयचा."

सगळे माझ्याकडे बघत होते. अशा माणसावर धड जळताही येत नाही. चांगुलपणा हा फर्गसचा सगळ्यात वाईट दुर्गुण आहे.

*

ईराच्या शाळेत पालकांनी मागे उभं राहून वर्ग बघायचा एक दिवस असतो. आम्ही बूट काढून, शाळेच्या स्लिपरांमध्ये पाय कोंबून मागे ओळीनं उभे. विषय होता, "मला अभिमान वाटतो असा माणूस." एक मुलगा अग्निशमन दलातल्या बाबांवर बोलला. एक मुलगी दुधाचा धंदा करणाऱ्या आजोबांवर.

ईरा उठली. माझ्याकडे बघून हसली. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"माझे बाबा," ती स्वच्छ जपानीत म्हणाली, "फर्गस-सानचे मित्र आहेत."

वर्ग "ओऽऽ" म्हणाला. टाळ्या! शेजारच्या बाबांनी मला वाकून नमस्कार केला.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, मी पण गातो हे सांगायचं नाही का?"

ईरा मराठीत बोलायला लागली की शब्द शोधत शोधत बोलते. "पण बाबा, मी तुला गाताना... म्हणजे, ऐकलंच कुठे? तू दार बंद करून गातोस. शनिवारी. तिकडे."

हे मात्र लागलं. सगळे किस्से हसून सांगतो, हा सांगताना हसू येत नाही. माझ्या लेकीला बाप गाणारा आहे हे ठाऊकच नव्हतं. तिच्या हिशेबात गाणारा एकच, आणि तो मी नव्हतो.

*

हा शेवटचा. गेल्या नोव्हेंबरातला.

फर्गस आता टोकियोला असतो. कोबेत मोठा कार्यक्रम होता म्हणून आला, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही सगळे कराओकेला गेलो. फर्गस, मृणाल, ईरा, गोगटे आणि देवधरकाकू. दुकान मीच सुचवलं. काउंटरवरच्या मुलीनं मला बघून नेहमीप्रमाणे मान झुकवली.

ईरा आता चांगली उंच झालीये, सारखी खोड्या काढत असते. तिनं आधी फर्गसला त्याचंच छत्रीचं गाणं लावून दिलं. इथलं मशीन गाण्याला मार्क देतं. रेकॉर्डवर जसं आहे तसं गायलात की मार्क जास्त. फर्गसनं मजेत, थोडं इकडे, थोडं तिकडे करत गायलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

स्क्रीनवर आकडा आला. एक्क्याऐंशी!

सगळे हसून लोळायला लागले. फर्गस मशीनशी भांडत होता, "अरे, मीच तो! मीच!" मला तर ढगात गेल्यासारखं झालं. म्हटलं, जपानात एक तरी आहे ज्याला सुरातलं कळतं!

"बाबा, आता तू," ईरा म्हणाली. "हेच."

"मला येत नाही. मी ऐकलेलं नाही, तुला माहितीये."

"शब्द स्क्रीनवर येतात ना!"

"मग काय," मृणाल म्हणाली, "म्हण की. तू एवढा शिकलेला."

ईरा माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच, मी गाईन म्हणून बघत होती. मी माइक घेतला. म्हटलं, "बरं, शब्द वाचून म्हणतो. चाल अंदाजानं. चुकलो तर हसू नका."

म्युझिक सुरू झालं. मला डोळे मिटून गायची सवय आहे, क्लासपासूनची. मिटले. ईरा समोर आहे एवढंच डोक्यात होतं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. खोलीत कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, आज आवाज लागलाय. वरची जागा आली, तिथून स्वर हळूच खाली आणला, आणि कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, "वा!" माझ्यासाठी! शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात, एक श्वास घ्यायचा असतो आणि मग नुसता गळा. मी श्वास घेतला, बारीकशी सूं केली, आणि उचललं.

संपलं. डोळे उघडले. ईरा दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली होती. स्क्रीनवर रंगीत कागद उधळत होते आणि मधे आकडा. अठ्ठ्याण्णव!

आकड्याकडे कुणी बघत नव्हतं. फर्गसनं हातातला ग्लास हळूच खाली ठेवला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मृणाल फर्गसकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा फर्गसकडे.

खोलीत एकटा गोगटे शेंगदाणे खात होता.

"काय रे अभय," तो म्हणाला, "नोव्हेंबरात तुला कसली सर्दी?"